हलकं स्टिअरिंग

शर्यतीच्या गाडीच्या मागे नवी विंग, म्हणजे वारा अडवणारी आडवी फळी, बसवताना मेकॅनिक दादाने तिचा कोन मुद्दामच चढा ठेवला. ट्रॅकच्या लांब वळणावर गाडीचं बूड सरकतं, अशी धाकट्या बहिणीची रोजची भुणभुण होती. आता वारा बूड दाबून धरेल आणि हिचं तोंड एकदाचं बंद होईल, असा त्याचा हिशेब.

चाचणीची पहिली फेरी मारून ती त्याच्यासमोर थांबली. हेल्मेटची काच वर केली, तर चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"दादा, मानलं तुला! बूड घोरपडीसारखं चिकटलंय. आणि स्टिअरिंग तर एका बोटाने फिरतंय!"

"मग! बसवलीय कुणी?" दादाने कॉलर ताठ केली.

"आता बघच, वळणावरही वेग कमी करत नाही." काच खाली आली आणि गाडी सुटली.

तो हसत हात पुसू लागला. स्टिअरिंगला तर त्याने हातही लावला नव्हता. मग ते हलकं कसं झालं?

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मागून दाबलेली गाडी तराजूसारखी पुढून उचलली जात होती. पुढच्या चाकांची पकडच सुटत होती; भर वेगात स्टिअरिंग फिरलं तरी गाडी वळणार नव्हती.

"थांब गं!" ओरडत तो कठड्याकडे धावला.

लांब वळण आलं, तरी इंजिनाचा आवाज उतरला नाही.