घरातल्या खुणा

त्या घरात ऐकू येणारं माणूस एकच होतं, आणि तिचं नाव पडलं होतं बडबडी. ज्यांनी ते ठेवलं त्या आईबाबांनी तिची बडबड जन्मात कधी ऐकली नव्हती, पण तिचे हात दिवसभर चालताना मात्र पाहिले होते. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून घर शांत असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा तिथे जेवायला जावं. ज्यांना आवाजच पोचत नाही ते भांडी हळू कशाला ठेवतील? दारं आपटत, खुर्च्या फरफटत, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तावातावाने वर आल्या की बडबडी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं भांडण इकडचं तिकडे पोचवी. शिव्या तेवढ्या गाळून. दुभाष्याचं काम ती असं शिकली.

आता ती तेच कॉलेजात शिकत होती. इस्पितळात, कोर्टात, जिथे ऐकू न येणारा माणूस केविलवाणा होऊन बसतो, तिथे त्याच्या शेजारी बसायचं, हे तिने शाळेत असतानाच ठरवलं होतं. या कामाला मरण नाही, असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगे.

शाळेत शिकवतात त्या खुणा सगळ्यांच्याच. पण या घराच्या स्वतःच्याही काही खुणा होत्या. बाबांच्या आईची नजर कडेकडेने जात गेली होती. तेव्हापासून डोळ्याच्या कडेवरून दोन बोटांनी पडदा ओढला, की त्याचा अर्थ 'बाजूचं दिसेनासं होणं'. ही खूण घरातल्या तिघांना ठाऊक, आणि चौथे बाबांबरोबर कारखान्यात काम करणारे पॉलिशवाले काका. त्यांनाही ऐकू येत नव्हतं, आणि ते इतक्या वेळा जेवायला येत की घरचेच झाले होते. भिंतींना कान असतात म्हणतात, पण या चौघांना भिंतींची कधीच फिकीर नव्हती. भरल्या दुकानात दुकानदाराच्या नाकासमोर ते त्याच्या वजनकाट्याची टिंगल करीत आणि तो बिचारा हसून मान डोलावी.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या सरांनी तिला बोलावलं. खुणा वाचणारं मशीन एक कंपनी तयार करत होती.

"पुस्तकी खुणा त्यांच्याकडे ढिगाने आहेत गं. घरातल्या गप्पा हव्यात, अगदी जेवताना होतात तशा. तुझ्या नावावर काम लागेल, पुढे नोकरीला उपयोगी पडेल."

कंपनीच्या अटी भल्यामोठ्या होत्या. बडबडीने बोटाने भरभर वर सरकवल्या आणि 'मान्य'वर दाबलं. तुम्ही आम्ही सगळे दाबतो तसंच. आईबाबांना तिने खुणांनी सांगितलं, लहान मुलांना खुणा शिकवायला हे हवंय म्हणे. तेही तिने अर्धवटच वाचलं होतं. रेकॉर्डिंग तिच्याच फोनवर होई; त्याआधी बाबा केस विंचरून बसत, आई नवा दुपट्टा घेई. बडबडीने प्रत्येक खुणेखाली तिचा अर्थ लिहिला, आणि घरच्या खुणांचा तर जास्तच जीव लावून लिहिला. सरांनी पाठ थोपटली. तिला किती बरं वाटलं होतं!

या वर्षी ते मशीन बाबांच्या कारखान्यात आलं.

बाबा फर्निचरच्या कारखान्यात करवतीवर लाकूड कापत. मशीन म्हणजे दोन कॅमेरे, एक कामाच्या जागी आणि एक मॅनेजरच्या खोलीत, आणि त्याच्या टेबलावर एक पडदा. खुणा केल्या की पडद्यावर अक्षरं उमटत आणि एक बाई गोड आवाजात ती वाचून दाखवी. पहिल्या दिवशी बाबा घरी आले ते नाचतच. त्यांच्या विनोदाला मॅनेजर हसला होता! इतकी वर्षं एकाच छपराखाली काढली, आणि हसला आज. बडबडीला आनंद झाला, अगदी खरा झाला. आणि त्याच आनंदाच्या आत काहीतरी टोचलंही. तिने सरांना विचारलं, "मग आम्ही काय करायचं, सर?"

"मशीनच्या चुका दुरुस्त करायच्या," सर म्हणाले.

म्हणजे आपली खुर्ची ज्याने घेतली, त्याच्या खुर्चीचे पाय घट्ट करत बसायचं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावा, तर धोंडा उचलताना सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

मग एका दुपारी मॅनेजरचा फोन आला. "जरा येऊन जातेस का? पडद्यावर लिहून दाखवलं असतं, पण असलं काही मशीननं सांगणं बरं दिसत नाही. तू घरची आहेस."

ती गेली. बाबा आधीच खुर्चीत बसले होते, अंगावर लाकडाचा भुसा होता. मॅनेजरने पडदा तिच्याकडे फिरवला. चहाच्या सुट्टीत बाबा पॉलिशवाल्या काकांशी जे बोलले होते, ते तिथे लिहिलं होतं. कॅमेऱ्यांना चहाची सुट्टी नसते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

'उजवीकडचं बाजूचं दिसेनासं होणं सुरू आहे. आईसारखंच. घरी सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.'

बडबडीने ते दोनदा वाचलं. बाबांचा डोळा जातोय हे तिला असं कळलं. आणि 'बाजूचं दिसेनासं होणं' हे शब्द तिचे होते. तिने जसे लिहिले होते तसेच, वेलांटीसुद्धा न बदलता.

"उद्यापासून त्यांना करवतीवर उभं करता येणार नाही," मॅनेजर म्हणाला. "पॅकिंगला बसवतो, जमेल तितके दिवस. पुढचं मी कबूल करत नाही. उद्या हात गेला त्यांचा, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

राग यावा असं त्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. माणूस खरं बोलत होता, आणि ते खरं तिच्याच हातांनी बाबांपर्यंत पोचवायचं होतं. कोर्टात, इस्पितळात बसायची स्वप्नं पाहिली होती, आणि पहिली खुर्ची मिळाली ती ही. तिने एकही शब्द न गाळता सांगितलं.

बाबांनी करवतीबद्दल काहीच विचारलं नाही. ते पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांचे हात हलले. बडबडी तोंड उघडणार, तेवढ्यात गोड आवाजाची बाई बोललीसुद्धा. "ही खूण मशीनला कोणी शिकवली?"

"ते आपोआप शिकतं," मॅनेजर समजुतीने म्हणाला.

एवढंच सांगून तिला सुटता आलं असतं. तिने मॅनेजरचं वाक्य बाबांना सांगितलं. मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"मी," मशीन म्हणालं.

बाबांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले. घरी येईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या पाया पडायचीच बाकी होती. आमच्या घरचं तेवढं काढून टाकायला सांगा, सर. सरांनी कंपनीला विचारलं, आणि मान हलवली. "चहात साखर विरघळली की ती परत चमच्यात येत नाही, बाळा. अटींत होतं ते. तू वाचलं असशीलच." तिने हात टेकले.

संध्याकाळी ती घरी आली तर घरात आवाज नव्हता. भांडी वाजत नव्हती, दार आपटत नव्हतं. आईबाबा टेबलाशी जवळजवळ बसले होते. आईचा पंजा बाबांच्या दोन्ही पंजांमध्ये होता आणि वरून आईचा दुपट्टा पसरला होता. त्याच्याखाली बोटं हलत होती. ते एकमेकांच्या तळहातात बोलत होते. आई मान हलवत होती, मध्येच तिचे डोळे भरून येत होते. दारात उभ्या असलेल्या मुलीला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या आईबाबांचं बोलणं समजत नव्हतं.

तिने फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, दार लावून घेतलं आणि रिकामे हात पुढे करून बाबांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी, उभी राहिली.

बाबांनी पाहिलं. दुपट्ट्याखालून एक हात बाहेर काढला आणि सावकाश, सुटी सुटी खूण केली. शाळेत शिकवतात तशी, परक्या माणसाशी बोलताना करतात तशी.

जेवलीस का?

आणि हात परत आत घेतला.