सोनाभान चाचीने घेतलेलं नाव

सोनाभान चाची जन्मभर आमच्या छिटातच राहिली. देशच तिच्या दारात बदलत गेले. त्रेचाळीसच्या मोठ्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती, तेव्हा राज्य इंग्रजांचं. पुढे आम्ही पाकिस्तान झालो आणि एकाहत्तरनंतर बांगलादेश. चारी बाजूंनी भारत, मधे आमची दोनशे घरं, म्हणून छिट, म्हणजे तुटका तुकडा. कुठल्याही सरकारने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि आम्हीही वाट पाहायचं सोडलं.

दवाखाना, शाळा मात्र लागतेच. तिथे नागरिक भारताचाच लागे, म्हणून आम्ही भारतातल्या गावातून बाप उसना आणायचो. चाळिशीत चाची बाळंतपणात अडली, तेव्हा तिचा नवरा तसेरुद्दीन पलीकडच्या कलिमुद्दीन दुकानदाराच्या पाया पडला. चाची कलिमची बायको म्हणून दवाखान्यात गेली आणि तिचा मुलगा मफिजुल कागदोपत्री कलिमचा झाला. शाळेचा दाखला, मतदानाचं कार्ड, सगळं त्याच नावावर. बिचाऱ्या तसेरचं नाव कुठेच लागलं नाही. तो तसाच वारला.

दोन हजार पंधरात आमचं छिट भारतात जायचं ठरलं आणि घरोघरच्या माणसांची नोंद करायला मोजणीवाले आले. मफिजुलने आदल्या दिवशीच आईला बजावलं होतं, कलिमचंच नाव सांग, कागद जुळले नाहीत तर माझं कार्ड जाईल. चाची हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्या बायका ते उच्चारत नाहीत, नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणे. म्हणून शेजारधर्म पाळत मीच "कलिमुद्दीन" म्हणून मोकळा झालो.

"कलिमचं नाव तर मी येताजाता घेते, साहेब," चाची म्हणाली. "नवऱ्याचं असं घेतं का कुणी?"

तिने पदर पुढे ओढला.

"तसेरुद्दीन लिहा. त्याचं आयुष्य घटायची भीती आता उरली नाही."

मी मान खाली घातली. साहेब मफिजुलकडे वळला. कार्ड पोराच्या हातातच होतं. तो म्हणाला, "मा म्हणते तेच लिहा."

कार्ड गेलंच. दोन वर्षं त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, मजुरी बुडवली, बायकोची बोलणी खाल्ली. न राहवून मी एकदा विचारलं, पस्तावलास का रे?

"चाचा," तो म्हणाला, "बापाचं नाव माच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यावर दुसरं कुठलं सांगू?"