मेंढरांचा बोळ

तानाबाईच्या डोळ्यांत खोट नव्हती. खोट उजेडात होती. पण हे मुकादमाला सांगणार कोण? सोलापूरच्या त्या गिरणीत सुताच्या लडी करायच्या खात्यात ती अगदी शेवटच्या रांगेत बसे. तिथले दिवे म्हणजे नुसते काजवे! धागा कधी तुटला ते कळायचं नाही आणि लड वाया जायची. शेवटी मुकादमानं बजावलं, शनिवारपर्यंत काम सुधारलं नाही तर आपल्या गावाची, मंद्रूपची वाट धर.

तिचा नवरा बिरप्पा त्याच गिरणीत वायरमन चनबसप्पाची शिडी धरायला होता. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला, रोगानं कळप मेला म्हणून शहरात आलेला. त्यानं चनबसप्पाला गळ घातली. चनबसप्पा माणूस वाईट नव्हता, पण शहाणपणाचा मक्ता आपल्याकडंच आहे असं त्याला वाटे. त्यानं विजेचा दाब मोजायचा काटा लावून पाहिला. वीज काढणाऱ्या डायनामोपाशी एकशेदहा व्होल्ट आणि शेवटच्या दिव्यापाशी नव्वदसुद्धा नाहीत. मग दाब वाढवू, म्हणाला, आणि डायनामो एकशेतीसवर नेला. मागचे दिवे जरा उजळतात न उजळतात तोच डायनामोजवळचे तीन दिवे फटाफट उडाले. झालं! करायला गेला गणपती, झाला मारुती.

बिरप्पा मात्र तारेकडं बघत राहिला. दोनशे हात लांब आणि सुतळीहून बारीक तार. त्याला गावाकडचा काटेरी कुंपणांतला बोळ आठवला. तिथं मेंढरं मागून कितीही हाकलली तरी सगळा जोर रेटारेटीतच जिरायचा.

"आण्णा," तो भीत भीत म्हणाला, "मागनं हाकून काय व्हतंय? बोळ लई अरुंद हाय. शेजारनं दुसरा काढा की."

मेंढक्यानं आता मला वीज शिकवायची का, म्हणून चनबसप्पा भडकला. पण शनिवार उद्यावर आला होता आणि उडालेल्या दिव्यांचा जाब साहेब त्यालाच विचारणार होते. कुरकुरत त्यानं डायनामो परत एकशेदहावर आणला आणि जुन्या तारांशेजारून तशाच नव्या तारा ओढल्या, वीज जायची एक आणि परतायची एक. ओढता ओढता त्याचे हात थबकले. दोन वाटा झाल्या म्हणजे तारेचा विरोध निम्मा, आणि वाटेत जिरणारा दाबही जवळजवळ निम्माच!

"एनप्पा," त्याच्या तोंडून आधी कानडीच निघालं, "हे मला का न्हाय सुचलं?"

शनिवारी बटण दाबलं. शेवटच्या रांगेत काटा अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला. मुकादमानं तानाबाईची लड उचलली, उजेडात उलटीपालटी केली, तुटका धागा शोधला. सापडला नाही. लड खाली ठेवून तो पुढच्या बाईकडं वळला. तानाबाईचा जीव भांड्यात पडला.

बिरप्पा शिडी घेऊन शेजारीच दिव्याखाली उभा होता. पहाटे अंधारात यायचं, दिवेलागण उलटल्यावर घरी जायचं. नवऱ्याचं तोंड तिनं वर्षभरात धड पाहिलं नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमचं केस पिकलं की. मला ठावंच न्हवतं."