शिलाई मशीनच्या मोटरीची खरखर

मी एक जुनी मोटर आहे. शिलाई मशीनच्या पाठीला बसवलेली, मुठीएवढी. मित्रांनो, आता मी फार दमले आहे. बोलता बोलता थांबले तर समजून घ्या.

कारखान्यात माझ्या अंगाला तांब्याची तार गुंडाळली आणि पोटात कार्बनचे दोन इवले तुकडे बसवले. मी फिरले की ते घासतात, ठिणग्या उडतात आणि जवळपासचा रेडिओ खरखरू लागतो. म्हणून एका कारागीर बाईने माझ्या तारांना चण्याएवढा कंडेन्सर जोडला. तो फिरत नाही, वाजत नाही. खरखर गिळून गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम.

मी आले ती शिवणबाईंच्या घरी. पायाने मशीन चालवून त्यांचे गुडघे पार धरले होते. मला जोडलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "देवासारखी आलीस गं बाई." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फिरले. गणवेश, झबली, उशांचे अभ्रे, काय काय शिवलं.

पलीकडच्या खुर्चीत त्यांचे सासरे, बाबा, बसत. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. नजर अधू झाली तसं दुकान सुटलं, वर्तमानपत्र सुटलं, उरला रेडिओ. सातच्या बातम्या हा त्यांचा रोजचा नेम. पण हात काही स्वस्थ बसेनात. एका दुपारी तेलपाणी करायला म्हणून त्यांनी मला उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

"हा कोण फुकट बसलाय इथे? हलत नाही, डुलत नाही," असं म्हणून त्यांनी कंडेन्सर छाटला. मग मला चालू केलं. मी पूर्वीसारखीच फिरले.

"बघ सूनबाई, त्याच्यावाचून काही अडलं?"

मला बोलता येत असतं तर!

सात वाजता रेडिओ खरखरला. बाबांनी तो खिडकीत नेला, सेल बदलले. तिसऱ्या दिवशी शिवणबाई दोरा ओवायला थांबल्या, तशी खरखरही थांबली. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"बरोबर सातलाच कशी गं घाई असते तुला?"

"गणवेश उद्या द्यायचेत बाबा. मुद्दाम करते का मी?"

दुसऱ्या दिवशी सातला शिवणबाईंनी माझा पट्टा काढला आणि पायाने मशीन चालवलं. चार टाके झाले की एक लांब सुस्कारा. बाबांनी बातम्या अर्ध्यावर बंद केल्या.

"मोटर लाव. मला बातम्यांपेक्षा तुझे गुडघेच जास्त ऐकू येतायत."

"मग तुम्ही काय ऐकणार?"

"कप्पाळ."

तेव्हापासून सातला रेडिओ मुका आणि घरही मुकं. मी तेवढी खाली मान घालून फिरत राहिले.

पुढे माझे कार्बन झिजले आणि मेकॅनिक आला. मला उघडताच म्हणाला, "हिचा कंडेन्सर कोणी छाटला? रेडिओ खरखरत असेल की तुमचा."

बाबा उठले, भिंत चाचपत गेले आणि आपली पत्र्याची डबी घेऊन आले. घड्याळजी काही फेकत नाही. स्प्रिंगा नि स्क्रूंमधून बोटांनीच त्यांनी तो चणा हुडकला.

"मीच छाटला," ते म्हणाले. "हलत नाही म्हणजे बिनकामाचा, असं वाटलं मला. आणि तुला मात्र बोललो."

"मी कुठे मनावर घेतलं?" शिवणबाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं. मेकॅनिकने कंडेन्सर पुन्हा जोडला, तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. "बसा, सात वाजत आले."

त्याला आता वर्षं झाली. माझे कार्बन पुन्हा झिजलेत, कंडेन्सरही थकलाय. बातम्यांच्या मागे पुसटशी खरखर येते. शिवणबाई मेकॅनिकला बोलवू म्हणाल्या, तर बाबा म्हणाले, "असू दे. तेवढ्यावरून कळतं मला, तू आहेस ते."

मित्रांनो, घरात जे गप्प बसलेलं दिसतं त्याला छाटण्याआधी ते काय गिळतंय, हे एकदा तरी विचारा. मला तेवढंच सांगायचं होतं. थकले आहे, पण सात वाजलेत. बाबा वाट बघत असतील.