चार नंबरची खोली

सुताराने दाराची आतली कडी काढली आणि आत्याच्या हातात ठेवली.

"आता बाहेरून कुलूप बसेल, आत्या. साहेबांनी सांगितलंय."

साहेब म्हणजे तिचा भाचा, तिच्याच मांडीवर वाढलेला. हॉटेलला साठ वर्षं झाली म्हणून त्याने हॉटेलचा इतिहास छापून आणला होता, गुळगुळीत कागदावर, रंगीत. आजोबांनी हॉटेल काढलं, वडिलांनी वाढवलं, आता हा नाव काढणार होता. नवऱ्यामागे माहेरी आलेली, चादरी धुण्यापासून गिऱ्हाइकांची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं निस्तरणारी आत्या त्यात औषधालाही नव्हती. त्याचं तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. खरा धक्का बसला तो सातव्या पानाने. चार नंबरच्या खोलीत म्हणे एक थोर गायिका पावसात अडकून मुक्कामाला राहिली होती आणि पहाटे खिडकीत बसून तिने केलेला रियाज ऐकायला अख्खी गल्ली खाली उभी होती. ती खोली आता पाहुण्यांना दाखवायची होती. तिथे बावीस वर्षं राहणाऱ्या आत्याचं बिऱ्हाड जिन्याखालच्या चादरींच्या कोठीत हलणार होतं.

भाच्याच्या लग्नात स्वतःची हवेशीर खोली त्याला देऊन तिने ही ओलीची खोली घेतली होती. ती तडक काउंटरवर गेली.

"अरे, कुठली गायिका नि कुठलं काय! भिंतीला ओल, खोली कुणी घेईना. तुझा बाप डोक्याला हात लावून बसलेला. मग मीच ठोकून दिलं."

"काहीतरीच काय! बाबा शपथेवर सांगायचे."

"मी ठोकलं तेव्हा तो चार दिवस परगावी गेला होता. आल्यावर त्यालाही तेच सांगितलं. त्याला खोटं पचायचं नाही, लगेच तोंडावर दिसायचं."

भाचा समजूतदारपणे हसला.

"आत्या, तुझं वय झालं, सरमिसळ होते. तिच्या ओल्या चपला, तो बिनसाखरेचा चहा... एवढं कुणी मनाने रचतं का?"

आत्याला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. तेव्हा थाप जरा ओबडधोबड मारली असती, तर आज खोली राहिली असती.

चार दिवसांनी, दुपारी, पहिले पाहुणे आले. आत्या कोठीत चादरी लावत होती. वरचं सगळं जिन्यातून स्पष्ट ऐकू येत होतं. एका बाईने विचारलं, "मग त्यानंतर या खोलीत कोण राहिलं?"

"कुणीच नाही." भाचा जरा थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाबांनी त्याच दिवशी दाराला कुलूप घातलं. चाळीस वर्षं इथे कुणी पाठ टेकलेली नाही."

बाई हळहळली.

आत्या चादर हातात धरून ऐकत राहिली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, पोराला सगळं नेमकं जमलं होतं. बापाच्या वळणावर मुळीच नव्हता तो, अगदी तिच्यावर गेला होता.