टाचण्या लावलेला कोट

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर म्हणून नोकरी केली. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे खिडकीत बसून लिहायचं, एवढंच काम. गाडी दोन मिनिटं उशिरा आली की ड्रायव्हरकडे असं बघायचे, जसं काही त्याने खून केलाय. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हे डेपोतून बाहेर पडले, पण डेपो काही ह्यांच्यातून बाहेर पडला नाही. आता घरात उशिरा येणारी गाडी म्हणजे मी.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आणि जावयाने आम्हाला जहाजाच्या सहलीला पाठवलं. अकरा दिवस, सहा बंदरं, आणि प्रत्येक बंदरात दिवसा उतरून फिरायची मोकळीक. लेकीने चार सहलींची पत्रकं पुढे टाकली, तेव्हा मी ना पोहण्याचा तलाव बघितला, ना खोलीची खिडकी. एका पत्रकात चौथ्या बंदराचं नाव दिसलं आणि मी तिथेच बोट ठेवलं. त्या गावात माझी ताई राहते.

एकोणीस वर्षांत आमची गाठ पडली नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. तिचं गाव लांब, त्यात तिचे गुडघे गेलेले, इकडे माझं शिवणकामाचं दुकान. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता तिचे केस पांढरे झाले, असं तिनेच फोनवर सांगितलं. मी तिच्यासाठी लोकरीचा कोट शिवला. माझ्या वहीत तिचं माप होतं. गिऱ्हाइकाचं माप मी दरवर्षी नव्याने घेते, पण ताई काही गिऱ्हाईक नाही. जुन्याच मापावर बेधडक कात्री चालवली.

पहिल्या बंदरात किल्ला होता. आम्ही किल्ल्याचं दार बघितलं. आत पाय टाकणार, तोच हे म्हणाले, "चला, आता परतायला हवं." जहाजावर साडेतीनपर्यंत हजर व्हायचं असलं तर ह्यांच्या हिशेबी अडीच. मधल्या तासाला हे 'राखीव वेळ' म्हणतात. ही राखीव वेळ आम्ही जहाजाच्या शिडीपाशी, उन्हात, लोखंडी बाकावर बसून घालवली. दुसऱ्या बंदरात बाजार होता, तो मी चालत्या पावलांनी बघितला. तिसऱ्या बंदरात दोनशे चौदा पायऱ्यांचं दीपगृह होतं. नव्वदाव्या पायरीवर ह्यांनी मनगट वर केलं. वरून उतरणारी माणसं काय सुंदर, काय सुंदर म्हणत होती आणि मी भिंतीचा रंग बघत खाली आले.

बोलले नाही. माझा स्वभाव माहीत असलेल्यांना हे खरं वाटणार नाही, पण मी मूग गिळून गप्प बसले. किल्ला गेला, दीपगृह गेलं, मी त्यांच्यावर पाणी सोडलं. मला सगळा हट्ट चौथ्या बंदरासाठी जपून ठेवायचा होता.

आदल्या संध्याकाळी जहाजावर घोषणा झाली की उद्याच्या बंदरातली वेळ एक तास मागे आहे, तेव्हा सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घ्यावीत. जेवणाच्या दालनात सगळे हसत हसत घड्याळाच्या किल्ल्या फिरवायला लागले. ह्यांनी मनगटावर हात ठेवला.

"घड्याळ मागे करायचं ते उशीर झाकायला. चौतीस वर्षांत मी काटा मागे केला नाही."

"अहो, पण वेळच बदलते आहे ना!"

"मग मनात एक तास वजा करायचा. मला काय हिशेब येत नाही?"

मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी बंदरापासून बसने अर्धा तास, मग तीन जिने. ताईने दार उघडलं आणि मी ज्या उंचीवर तिचा चेहरा शोधत होते, तिथे नुसती मोकळी जागा होती. चेहरा खाली होता. माझी उंच, रुंद खांद्यांची ताई, जी मला एका हाताने उचलून पाण्याच्या टाकीवर बसवायची, ती माझ्या हनुवटीला लागत होती. मी तिला मिठी मारली आणि मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? आत ये, दार उघडं आहे, मांजर पळेल," ती म्हणाली.

मी हातातली पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेले. कोट झटकला, हँगरवर लावला. बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. म्हटलं, हे बसले असतील.

जेवणं झाली. मग ताई कोट घालून आरशासमोर उभी राहिली. बाह्या बोटांच्याही खाली. खांदे उतरलेले, पाठीत सगळा फुगा. कोट एकोणीस वर्षांपूर्वीच्या ताईचा होता.

"छान आहे की. उबदार आहे," ती म्हणाली.

"छान काय डोंबल! हलू नकोस." मी टाचण्या काढल्या. बाह्या वर घ्यायला तास लागणार होता. पाठीचं काम मात्र मोठं, सगळी शिवण उसवून पुन्हा बसवायची, तीन तास तरी हवेत. म्हटलं, पाठ नाही तर नाही, बाह्या तरी करून देऊ, तेवढ्यात गप्पाही होतील. दोन्ही बाह्यांना आणि पाठीला टाचण्या लावून झाल्या, आणि हे उठले.

"पावणेदोन वाजले. निघायचं."

मी भिंतीवर बघितलं. खरंच पावणेदोन. मला वाटलं होतं, आत्ता कुठे आलोय.

"अहो, बाह्या तरी..."

"बस चुकली तर? दुसरी अर्ध्या तासाने. जहाज कुणासाठी थांबत नाही."

मी ताईकडे बघितलं. ती टाचण्या टोचू नयेत म्हणून हात जरा लांब धरून उभी होती. मग मी, चाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्याच्या हातचा टाका कधी वाखाणला नाही ती मी, तिला म्हणाले, "टाचण्या अशाच राहू देत. इथल्या कुणा शिंप्याकडे दे, तो करून देईल." आणि पर्स उचलली.

शिडीपाशी पहारेकरी उभा होता. आम्हाला बघून त्याने भुवया उंचावल्या. "इतक्या लवकर? अजून सव्वादोन तास आहेत. या की फिरून."

मी पर्समधून मोबाइल काढला. सव्वा वाजला होता.

"पण ताईच्या घड्याळात पावणेदोन होते! आपण निघालो तेव्हाच!"

ह्यांनी घसा साफ केला. "ते... गेल्या गेल्या मीच लावून दिलं होतं. माझ्या घड्याळापेक्षा तासभर मागे दिसलं. म्हटलं, ताईंचा हात पोचत नसेल वरपर्यंत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या घरात जाऊन, खुर्चीवर चढून, बरोबर चाललेलं घड्याळ ह्या माणसाने चूक करून ठेवलं होतं! वजाबाकी मनात करणार होते म्हणे.

"चुकलंच जरा," हे म्हणाले. "बस ना इथे बाकावर. चहा सांगू?"

"तुम्ही बसा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की पहारेकऱ्याने समुद्राकडे तोंड फिरवलं. "तुमची राखीव वेळ आहे ना ही? पोटभर बसा! माझी एकोणीस वर्षांनी आलेली वेळ होती, ती तुम्ही खुर्चीवर चढून चोरलीत!"

आणि मी वळले. बस समोरच उभी होती.

तीन जिने एका दमात चढले. दार नुसतंच लोटलेलं होतं. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, कोट अंगात तसाच. पाठ न टेकता, दोन्ही हात मांडीपासून जरासे वर धरून. सगळ्या टाचण्या जागच्या जागी होत्या.

"अगं, काढला का नाहीस?"

"काढायला गेले तर टोचल्या. आणि मग तुझं माप हललं असतं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. माझा राग पुन्हा उसळला. "ताई, त्यांनी ते घड्याळ पुढे केलं, तू बघितलंस ना? मग बोलली का नाहीस? चूक आहे म्हणून सांगायचंस!"

ताईने माझ्याकडे बघितलं. अगदी साधेपणाने म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला लवकर निघायचंय. तोंडाने सांगायला अवघड वाटत असेल, म्हणून असं करत असाल."

घड्याळ ह्यांनी पुढे केलं होतं, पण उठले मी होते. पर्समध्ये मोबाइल होता आणि मी तो एकदाही बघितला नव्हता. एकोणीस वर्षं मी तिला दुकानाची कारणं सांगत आले होते. तिने ती सगळी गोड मानून घेतली, तसंच हेही मानून घेतलं होतं. राग होता तसाच होता, पण आता तो माझ्याकडे तोंड करून उभा होता.

मी ताईचं शिवणाचं खोकं शोधलं. कात्री बोथट होती, पण चालली असती.

मोबाइल वाजला. हे होते. "अगं, किती वेळ? तीनला तरी निघ. उशीर होईल."

"मी येत नाही. तुम्ही चढा. परवा सकाळी पुढच्या बंदरात भेटते, रेल्वेने येईन."

"पण जहाज सुटेल!"

"सुटू दे."

मी फोन ठेवला.

"आणि तुझे हे?" ताईने विचारलं.

"ते वेळेत पोचलेत," मी म्हणाले. "तू हलू नकोस." आणि तिच्या मागे बसून मी पाठीची शिवण उसवायला घेतली.