दोन कप पाणी

फोनमध्ये सिंधूताईचा आवाज भरलेला होता. "समता, उठ वो बाई. दात घास." पडद्यावर ब्रशचं चित्र. काम झालं की हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं, मग पुढची पायरी बोले. विशेष शाळेतल्या अश्विनी मॅडमनी एकेक पायरी सिंधूताईकडूनच म्हणवून घेतली होती. तीही जात्यावर ओवी म्हणावी तशी, झुलत म्हणाली. तिची बत्तीस वर्षांची लेक समता सांगितलेलं सगळं करी. कशानंतर काय, एवढंच तिच्या हाती लागत नसे.

पुढच्या महिन्यात सिंधूताईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मुलगा प्रसेनजित पुण्याहून म्हणाला होता, "समताले एकटीले जमलं तर घरी. नाही तर वसतिगृहात ठेवू."

म्हणून आज परीक्षा. समतानं एकटीनं आवरून पिंपळगावाहून आठची नांदुऱ्याची गाडी धरायची, तिथल्या कार्यशाळेत पिशव्या शिवायला जायचं. सिंधूताई शेजारी जनकाबाईकडे भिंतीला कान लावून बसली.

पलीकडे बादली वाजली. थोड्या वेळानं फोन बोलला, "गॅस बंद कर. पुन्हा पाह्य." खटका वाजला.

"झाला बंद," जनकाबाई कुजबुजली. "तू काऊन भिऊन राह्यली वो? पेपर तुहा हाय का तिचा?"

"चूप बस."

दार वाजलं. पावलं मात्र स्टँडकडे गेली नाहीत. बोळात गेली, हापशाकडे गेली, मग विरली. आठची गाडी हॉर्न देऊन निघून गेली.

समता बुद्धविहाराच्या पायरीवर सापडली. हातात कप, चहावर साय धरलेली. थेंबही सांडला नव्हता.

"कोठी गेली होती तू? फोन म्हणते, मायले चहा दे."

सिंधूताई तिथंच टेकली. त्या घरात मायनं घोट घेतल्याबिगर कोणी कप तोंडाला लावत नसे. 'मायले चहा दे' ही पायरी तिनंच फोनमध्ये भरली होती. चहा दिल्याशिवाय खुणेवर बोट नाही, आणि बोट नाही तर गाडी धरायची पुढची पायरी फोन बोलत नाही.

तिनं तो गार चहा पिऊन टाकला.

दुपारी ती चहाची पायरी नव्यानं भरायला बसली.

"समता, एक कप पाणी ठेव."

"दोन," शेजारून समता म्हणाली.

"एक, बाई."

"मंग तुले?"

तेही फोनमध्ये भरलं गेलं. सिंधूताईनं ते पुसून टाकलं, पुन्हा म्हटलं. पुन्हा शेजारून "दोन" आलंच. शेवटी तिनं समताला जनकाबाईकडे पाठवलं, दार लोटलं, आणि फोन तोंडाशी धरला.

"समता, एक कप पाणी ठेव. एकच."